खाटेतला खळगा

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या फोरमन लोकांना खाटेपासून कंदिलापर्यंत सगळं तयार हवं असायचं. म्हणून तुळसाबाईनं जुनवानीतल्या आपल्या घरामागं भाड्यासाठी एक खोली बांधून काढली आणि सामानानं सजवली. पहिला भाडेकरू सोमवारी यायचा होता.

खाट तिनं स्वतः निवारीच्या सुती पट्टीनं विणली होती. शुक्रवारी दुपारी कुलूप काढून पाहते तर कोऱ्या निवारीत लांबट खळगा, माणूस कुशीवर निजून उठावा तसा. तिनं पायथ्याची दोरी ओढून खाट कसली. शनिवारी कुलूप जसंच्या तसं, आणि खळगा पुन्हा तिथंच.

"राहू दे ते भाडं," नवरा केवलराम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "कोणीतरी निजून राहिलं इथं."

"निजू द्या नं!" तुळसाबाई कडाडली. "गारा मी तुडवला, इटा मी वाहिल्या. माया खोलीतून मले कोण काढते, पाहतेच मी!"

तिनं दोरी पुन्हा करकचून ताणली, निवारीवरून हात फिरवला, पदर खोचला आणि सरळ खाटेवर आडवी झाली. भिंतीकडं पाठ, दाराकडं तोंड.

"ये म्हना आता!"

काहीच झालं नाही. तुळसाबाई नवऱ्याकडं पाहून हसली. केवलराम हसला नाही. तो तिच्या पाठीमागं पाहत होता.

तिथली निवार हळूच दबली. मग तो खळगा भिंतीकडं सरकत गेला, आलेल्या पाहुणीला जागा करून द्यावी तसा.