छोटी मोटार की लॉरी?

"छोटी मोटार शिकतो, का लॉरी?" उस्तादांनी विचारलं.

"लॉरीच शिकवा," गाडीवान धोंडीराम म्हणाला. "वझ्याचीच सवय हाय आमाला." शिकवणीसाठी त्यानं आपला लाडका बैल हरण्या गेवराईतल्या पेंडवाल्याला विकला होता.

लॉरी थांबवायची झाली की पाय ब्रेकवर जायच्या आधी त्याच्या तोंडून बैल थांबवायचं "होऽ होऽ" निघायचं. उस्ताद हसायचे, "ब्रेक पायाखाली हाय बे, तोंडात न्हाई!"

परवान्याच्या परीक्षेला निजाम सरकारच्या पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब शेजारी बसले. गेवराईच्या उतारावर समोरच, पाण्याला निघालेला हरण्या सडक ओलांडत होता. धोंडीराम जिवाच्या आकांतानं ओरडला, "होऽऽ!"

 

लॉरी थांबली नाही. ओळखीचा आवाज ऐकून हरण्या मात्र जागच्या जागी उभा राहिला.