आधी तुम्ही करून दाखवा

"मी घरी परत जाणार नाही," आईनं सांगून टाकलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. "सही हवी असेल तर आत्ता करून देते."

समुपदेशक बाईंनी चष्मा काढून पुसला. समोरच्या सोफ्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा. मागे लेक आणि जावई, मध्ये एक रिकामी खुर्ची. लेक तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून स्कूटरवर आली होती, जावई कामावरून परस्पर गाडीनं. ते दोघं समोर असतील तरच तोंड उघडीन, अशी आईची अट होती.

लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर आईनं बॅग भरून लेकीकडे मुक्काम ठोकला होता. तिला एकटं वाटू नये म्हणून लेक रात्री तिच्याच खोलीत झोपायची. लेकीची उशी-चादर आधीपासून तिथंच होती. या वयात हे काय भलतंच, म्हणून लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंचा पत्ता तिनंच शोधून काढला.

"तुमची तक्रार काय आहे?" बाईंनी विचारलं.

"हे ऐकत नाहीत. मी म्हटलं, आज थकले, की उपाय हजर! गोळी घे, बाई लाव, लवकर झोप. मी उपाय मागितला होता का?"

बाबांचा जन्म एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेला. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत पुढचं तयार ठेवायची सवय जडली असेल, तर नवल नव्हतं. आई त्याच कंपनीत कपडे शिवायची.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं मागे उगाच चुळबुळ केली.

"आणि तुमचं काय म्हणणं?" बाई बाबांकडे वळल्या.

"हिला विचारलं काय झालं, तर म्हणते, काही नाही. त्या 'काही नाही'त काय काय आहे, ते मी कसं ओळखायचं? आणि कामावरून आलो की मला अर्धा तास गप्प बसायचं असतं. त्याला ही रुसवा समजते."

"बाबा, तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली!" लेक म्हणाली.

बाबा गडबडले. "म्हणजे... तेव्हाचं गं ते."

"तेव्हापासूनच साठलंय!" आई कडाडली.

बाईंनी हात वर केला. "हे बघा, पुरुषांचा स्वभाव असा असतो की त्यांना अडचण दिसली की सोडवावीशी वाटते. बायकांना आधी कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं."

"साफ चूक. मी राजाचे अंगरखे शिवलेत आणि राणीच्या चोळ्याही. मापं वेगळी असतात, कबूल. पण माप ज्याचं त्याच्या अंगावर घ्यावं लागतं, बाई. हे सगळे पुरुष, या सगळ्या बायका, असं दोन खुंट्यांवर टांगू नका आम्हाला. आणि मी..."

आई मध्येच थांबली. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोंडावर रुमाल धरला, खोकले आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

"आणि मी मुकाट्यानं सोसणाऱ्यातली नाही!" आई उसळून म्हणाली.

एकट्यानं राहून बाबांनी दुखणं ओढवून घेतलं, असं वाटून लेकीनं आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"एक करून बघू," बाई म्हणाल्या. "एकानं बोलायचं. दुसऱ्यानं उपाय सांगायचा नाही. फक्त 'मग?' एवढंच विचारायचं."

"मी नाही करणार. आधी या दोघांनी करून दाखवावं. शिकलेली आहेत ना? मग बघू."

"आमचं काय, आई? आमचं सगळं ठीक आहे."

"मग घाबरतेस कशाला?"

जावई उठला आणि रिकाम्या खुर्चीवर सरकला. "चल. आईंसाठी."

लेकीनं सुस्कारा सोडला. "दिवसभर लोकांचे खांदे, गुडघे हलवून घेते. आज हात भरून आलेत."

"उद्या रजा..." जावयानं जीभ चावली. "मग?"

"मग काय? घरी यायला नको वाटतं."

आपण हे बोललो याचं लेकीलाच नवल वाटलं होतं.

"रोजच नको वाटतं. खाली स्कूटर लावते आणि तिथंच बसून राहते."

जावयाचा चेहरा पडला. त्यानं किती उपाय गिळले, ते बघणाऱ्याला दिसत होतं. "मग?" त्यानं कसंबसं विचारलं.

लेकीला रडू फुटलं. मग ती बोलतच राहिली, आणि तो ऐकत राहिला. शेवटी तिनं डोळे पुसले. "आणि तू? तू गप्प का असतोस रे?"

"तुझं काहीच दुरुस्त करता येत नसेल, तर घरात माझा उपयोग काय, असं वाटतं. म्हणून बोलत नाही."

"मग?" लेकीनं विचारलं, आणि त्याचा हात धरला.

वेळ संपली तेव्हा आई-बाबांचा प्रश्न होता तिथंच होता. "पुढच्या आठवड्यात तुमची पाळी," बाई म्हणाल्या. "बघू," म्हणून आई तरातरा बाहेर पडली.

लेकीनं स्कूटर तिथंच ठेवली आणि ती जावयाच्या गाडीत बसली. "आई, चल ना."

"मी बसनं येते. तुम्ही व्हा पुढे."

बसथांब्याच्या बाकाच्या एका टोकाला आई बसली, दुसऱ्या टोकाला बाबा. गाडी बराच वेळ हलली नाही. आत लेक हातवारे करून काहीतरी सांगत होती. मग गाडी निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

आई सरकत सरकत बाबांना खेटून बसली. बाबांनी खिशातून रुमाल काढून तिच्या कपाळावरचा घाम टिपला.

"एवढी तालीम घेतली, तरी दोन वाक्यं खाल्लीस," ते म्हणाले. "तिसरंही खाशील, म्हणून मला खोकावं लागलं."