रोप नसलेलं आळं

"बेचाळीस व्होल्ट," मीटरच्या काट्याकडे बघत वायरमन म्हणाला. "नळाला कोणी हात लावू नका."

मीटरची एक वायर त्याने व्हरांड्यातल्या पाण्याच्या कूलरच्या नळाला अडकवली होती आणि दुसरी लांब मोकळ्या जमिनीत ठोकलेल्या सळईला. ऑफिसातल्या कपबशा धुणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पंधरा दिवस सांगतेय, नळाला हात लावला की मुंग्या येतात. साहेब म्हणाले, बीपी तपासून घ्या."

"मला तर काहीच होत नव्हतं," साहेब पुटपुटले.

"तुमच्या पायात बूट असतात," वायरमन म्हणाला.

माळी जरा मागे उभा होता. आज त्याचा शेवटचा दिवस. इमारतीमागे एक आळं होतं. मधोमध लोखंडी पाइप, रोप म्हणाल तर काही नाही. अठरा वर्षं तो रोज सकाळी तिथे दोन बादल्या पाणी ओतत आला होता. महिन्यापूर्वी साहेबांनी ते पाहिलं. "इथे काय लावलंय?" "काही नाही, साहेब." "मग पाणी कशाला?" जुन्या वायरमनने सांगितलं होतं, यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. पाण्याची आधीच ओढाताण. साहेबांनी बादल्या बंद केल्या. आणि आपण कशाला पाणी घालतो हेच ज्याला ठाऊक नाही, असा माळी ठेवायचा तरी कशाला, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

कूलरमागून एक तांब्याची तार निघाली होती. वायरमन तिचा माग काढत चालू लागला. तार भिंतीवरून खाली उतरली, कोपऱ्याला वळली आणि आळ्यातल्या पाइपला जाऊन भिडली. त्याने चिमूटभर माती उचलली. बोटांत तिचं पीठ झालं.

"कूलरमध्ये करंट गळतोय, ते मी बघतोच," तो म्हणाला. "पण गळलेला करंट या तारेने जमिनीत जिरायला हवा. जमीनच कोरडी ठणठणीत, ती घेणार कशी? मग तो बसतो नळावर, मावशींची वाट बघत. इथे कोणी पाणी घालत नाही का?"

माळी बादल्या भरून घेऊन आला.

त्याने पाणी भस्सकन ओतलं नाही. पाइपच्या बुडाशी धार धरली, थांबला, पुन्हा धरली. साहेब मीटरपाशी धावले.

"छत्तीस!" कोपऱ्यापलीकडून त्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने, "एकोणतीस! काका, ओता, ओता!"

"दमाने, साहेब. घाई केली की पाणी कडेने पळतं."

दुसरी बादली संपत आली तेव्हा काटा नऊवर होता. साहेब परत आले आणि पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता आळ्याशेजारी उकिडवे बसले.

"तुम्हाला हे माहीत होतं, काका?"

"नाही हो." माळी ओशाळला. "मला वाटायचं, काहीतरी उगवेल. रोज वाकून बघायचो."

"अठरा वर्षं?"

"सवयच लागली."

साहेब हसले नाहीत. "उद्या किती वाजता घालणार?"

माळ्याने ‘उद्या’ हा शब्द मनात दोनदा घोळवला.

"सातला," तो म्हणाला.

उरलेलं पाणी एक बुडबुडा सोडून आत गेलं. साहेब अजून वाकून बघत होते.