पोळ्याच्या दिवशीची चूल

साहेबांनी छपरीतल्या चुलीत हात घातला आणि चिमूटभर राख बोटांनी चोळून पाहिली. राख पार गार होती.

"चूल्हा ठंडा है," साहेब म्हणाले. "इधर पकाते नहीं क्या?"

नागनाथ घाईनं पुढे झाला. "रोज पकाते साहेब. आज पोळा है ना, इसलिए..."

आता हे त्या तेलुगू साहेबाला समजावायचं तरी कसं? तीन वर्षांपासून नागनाथ आणि रुख्मिणी या छपरीत वेगळं रांधून खात होते. थोरला भाऊ चंपतराव आणि वहिनी बयनाबाई भिंतीपलीकडे, मोठ्या घरात. शेताची वाटणी झाली, भांड्यांची झाली, पण बैलजोडी एकच राहिली. आणि एका जोडीचा पोळा दोन चुलींवर करायचा नाही, हा त्या घरचा दंडक. म्हणून पोळ्याला रुख्मिणी आपली चूल पेटवत नसे. जावेच्या चुलीपाशी बसून पुरणपोळ्या लाटत असे. वर्षातून हा एवढा एकच दिवस, आणि नेमका त्याच दिवशी मंडळ ऑफिसचा साहेब दारात हजर.

यंदा सरकार घर बांधायला सिमेंट, लोखंड आणि पत्रे देणार होतं. ज्याच्या नावावर घर नाही आणि ज्याची चूल वेगळी, त्यालाच. नागनाथनं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जागाही हेरून ठेवली होती. झड लागली की छपरीत टाचभर पाणी साचायचं आणि रांगत्या पोरीला रुख्मिणी खाटेवरून खाली सोडायची नाही. रुख्मिणी कंटाळली होती बिचारी.

"आजच कैसे आये साहेब?" नागनाथनं धीर करून विचारलं.

"आज जाव, आज सब घर पे मिलते, ऐसा बोले तुम्हारे गाव में से."

"कौन बोला?"

साहेबांनी हातावरची राख झटकली. "नाम कायकू होना?"

नाव कशाला हवं? नागनाथला ते केव्हाच सापडलं होतं. परवा तलमडुगूच्या बाजारात, मंडळ ऑफिसच्या गावात, कोण गेलं होतं? दादा. बैलांच्या झुली आणायला म्हणे! आणि झुली आणायला एवढा उशीर लागतो? नागनाथ गावाच्या त्या टोकाला राहायला गेला, की आज ना उद्या जोडीही फुटणार. मग एका बैलावर दादा कापसात डवरा कसा हाकणार? येताना पोरीसाठी आठवणीनं फुटाणे आणले होते त्यानं. तेव्हा नागनाथला किती बरं वाटलं होतं. आता त्या फुटाण्यांचाही त्याला संशय येऊ लागला.

तेवढ्यात चंपतराव बाहेर आला. नवं धोतर, डोक्याला पटका. दारात सजवलेली जोडी उभी होती आणि पोळ्यासाठी वेशीतल्या तोरणाकडे बैल घेऊन निघालेली सगळी गल्ली साहेबाला बघायला थांबली होती.

"दोनो भाई अलग है कि एक?" साहेबांनी त्याला विचारलं.

परक्या माणसापुढं घर फुटल्याचं सांगणं चंपतरावाच्या जिभेला कधी जमलंच नाही. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही तो एकच घर सांगायचा, आणि तेव्हा नागनाथही मान डोलवायचा.

"एकच साहेब!" छाती फुगवून तो म्हणाला. "राम-लक्ष्मण!" आणि त्यानं नागनाथच्या खांद्यावर हात टाकला. लोक कौतुकानं हसले.

"तुम बोलो," साहेब नागनाथला म्हणाले.

आमी येगळे. एवढंच म्हणायचं होतं. पण सणाच्या दिवशी, भरल्या गल्लीत, थोरल्याचा शब्द खाली पाडायचा? नागनाथनं मान खाली घातली.

साहेबांनी यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली. "पोय्यि लेदु," सोबतच्या शिपायाला म्हणाले, म्हणजे चूल नाही. नावं आजच आदिलाबादला जाणार, आता पुन्हा घेणार नाही, एवढं सांगून ते जीपमध्ये बसले.

जीप वळणापलीकडे गेली आणि नागनाथनं खांद्यावरचा हात झटकला.

"दादा, साहेबाले आज तुमीच बलावलं ना?"

"म्या? येडा झाला का रे?"

"परवा बजारात गेलते तुमी."

"झुली आनाले गेलतो."

"मंग एकच हाय, असं काऊन सांगतलं?"

"मंग काय, चार लोकाईत घर फुटलं म्हनून सांगू? अन् तू काऊन नाही बोलला? तुले तोंड नव्हतं?"

नागनाथ जास्तच भडकला. उंबऱ्यात बयनाबाई ओवाळणीचं ताट धरून उभी होती. तिनं नजर खाली वळवली. नागनाथला त्यातही काळंबेरं दिसलं. तिच्यामागे पिठाच्या हातानं उभी असलेली रुख्मिणी तेवढी त्याला नको नको म्हणून खुणावत होती.

"आज पोळा हाय," नागनाथ म्हणाला. "बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगा, म्या बलावलं नाही म्हनून."

पोळ्याच्या दिवशी बैलाची खोटी शपथ घेईल असा माणूस त्या गावात नव्हता. चंपतराव जोडीपाशी गेला. नव्या झुली पांघरलेले दोन्ही बैल खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यानं हात उचलला, आणि तो तसाच राहिला. मग त्यानं वळून भावाकडे पाहिलं.

"कोन्त्या बैलावर ठेवू नागनाथ?" तो म्हणाला. "तुह्या का माह्या?"