कॅचर पाहिजे

"ईफाला काढा, फर्स्ट बेसला उंच माणूस हवा. ऑशीनला कुठेही जाऊ देऊ नका. आणि कॅचर म्हणून आपला निमिष," असं म्हणत नरेंद्रने मिठाची बरणी वाटीच्या मागे सरकवली.

मिठाची बरणी म्हणजे कॅचर, बॅटच्या मागे चेंडू झेलणारा. लोणच्याची बाटली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा ऑशीन. मधली वाटी बॅट घेऊन उभी होती. सुनेत्राने ती उचलून तिच्यात वरण वाढलं आणि खेळ थांबला.

हिवाळ्यात बेसबॉल बंद असतो, नरेंद्रची मतं बंद नसतात. नोकरीसाठी आयर्लंडमधल्या ॲथलोनला आला तेव्हा तो गावात कुणालाच ओळखत नव्हता. एका रविवारी नदीकाठी फिरताना 'हेरन्स' या गावच्या संघाचा सामना दिसला. कुणीतरी त्याला चहा दिला, बसायला जागा दिली, आणि क्रिकेटवर वाढलेला हा माणूस कायमचा तिकडचा झाला. स्वतः तो कधी खेळला नाही, धावायचं जिवावर येई. पण कुणाला ठेवायचं आणि कुणाला वगळायचं यावर तो ऑफिसच्या कामापेक्षा जास्त डोकं चालवायचा. संघवाले त्याचं सगळं ऐकून घेत आणि आपल्याला हवं तेच करत.

यंदा मात्र पंचाईत झाली होती. इथली बरीच तरुण मुलं जातात तसा कॅचर शेन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. सोमवारी लीगला नावं द्यायची होती. कॅचर नाही तर संघ नाही. संघ नाही तर उन्हाळ्यातल्या रविवारांचं करायचं काय, हा नरेंद्रपुढचा खरा प्रश्न होता.

"बॅटच्या मागे उकिडवं बसायचं आणि डोळे मिटायचे नाहीत," तो म्हणाला. "ऐकायला सोपं वाटतं. तुला नाही कळायचं."

"हो का," सुनेत्रा म्हणाली आणि ताटं उचलू लागली. तिच्या उजव्या हाताची करंगळी नेहमीसारखी बाहेर डोकावत होती. ती वाकडी होती. मुलगी बघायच्या कार्यक्रमात नरेंद्रच्या आईने करंगळीचं विचारलं होतं, आणि सुनेत्राच्या आईने पोह्यांची बशी पुढे करत ती लहानपणी दारात सापडल्याची हकिगत सांगितली होती.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये निमिषची चाचणी झाली. निमिष नरेंद्रच्या ऑफिसातला, पुण्यात क्लबकडून विकेटकीपिंग केलेला. विकेटकीपर म्हणजे तयार कॅचर, असं नरेंद्रने प्रशिक्षक फर्गलला आठवडाभर पटवलं होतं. निमिष सवयीने लांब मागे जाऊन उभा राहिला. फर्गलने त्याला पुढे आणून बॅटच्या मागे बसवलं. ऑशीनने चेंडू टाकला, बॅट फिरली आणि निमिषने डोळे मिटले. चेंडू छातीवर बसला. पुढच्या चेंडूला तो बाजूलाच झाला.

"सॉरी यार," मास्क काढत निमिष म्हणाला. "इतक्या जवळून बॅट फिरते, जीव घाबरतो."

"तुझा मित्र माणूस ग्रँड आहे," फर्गल नरेंद्रला म्हणाला, "पण कॅचर नाही. उद्या कळवून टाकतो, यंदा आपण नाही."

नरेंद्र मटकन बाकावर बसला.

सुनेत्रा सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा घेऊन आली होती. तिने थर्मास खाली ठेवला आणि केस घट्ट बांधले.

"निमिष, ते सगळं इकडे दे."

"अगं, लागेल तुला," नरेंद्र म्हणाला. "हा काही खेळ नाहीये."

तिने छातीचं कवच चढवलं, पट्टे न बघता आवळले, मास्क ओढला आणि बॅटच्या मागे उकिडवी बसली. डाव्या हातातला ग्लोव्ह पुढे, उजव्या हाताची मूठ पाठीमागे. ऑशीनने हळूच चेंडू टाकला. तिने तो सणसणीत परत फेकला आणि नीट टाक म्हणून सांगितलं. मग त्याने नीट टाकला. बॅट तिच्या नाकासमोरून फिरली आणि चेंडू ठप्पकन ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. पुढचाही बसला, त्याच्या पुढचाही. शेवटचा तिने बसल्या जागेवरून हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला ईफाकडे फेकला, आणि ज्या ईफाला नरेंद्र काढायला निघाला होता तिने तो अलगद झेलला.

मग फर्गल हसायला लागला, ईफा धावत आली, ऑशीनने टोपी उडवली. नरेंद्रला आपण बाकावर चढून टाळ्या पिटतोय हे कळलंच नाही. इतका आनंद त्याला स्वतःच्या प्रमोशनला झाला नव्हता.

"लिहा हिचं नाव," तो फर्गलला ओरडून म्हणाला. मग खाली उतरून सुनेत्रापाशी आला. "अगं, पण हे तू कधी, कुठे..."

सुनेत्राने मास्क वर केला. तोंड लाल झालं होतं आणि हसू आवरत नव्हतं. तिने उजवा हात त्याच्यासमोर धरला.

"घरी गेलो की आईंना फोन लाव," ती म्हणाली. "सांग, करंगळी दारात सापडली नव्हती. शाळेकडून सॉफ्टबॉलमध्ये कॅचर खेळताना, जळगावच्या फायनलला मोडली. आणि कप आम्हीच नेला."