उशाशी कोण बसतं?

ट्रेनिंगच्या मॅडमनी आम्हा हॉटेलातल्या साफसफाईवाल्या बायकांना बजावून सांगितलं होतं, "विकायला आणलेल्या मुलींकडून नाव, गाव, शाळा सगळं पाठ करून घेतलेलं असतं. कोणाच्या ध्यानीमनी नसेल असा एखादा प्रश्न विचारा. आणि तो ज्याचा त्याने मनातच ठेवा."

मी माझा प्रश्न फक्त रिसेप्शनवरच्या ताईला सांगितला. तिनेच तर मला इथे चिकटवलं होतं, तिच्यापासून कसली आलीय चोरी? "आजारी पडलीस की उशाशी कोण बसतं?" ऐकून ताई म्हणाली, "डोकं चालतं हं तुझं!"

आज दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक पोरगी दिसली, असेल तेरा-चौदाची. बरोबरचा माणूस आंघोळीला गेला होता. उशीचा अभ्रा बदलता बदलता मी सहज विचारलं, "नाव काय गं तुझं?"

ती भिंतीकडे बघत घडाघडा सुरू झाली. नाव, गाव, शाळा. "हे माझे सख्खे काका. आम्ही लग्नाला चाललोय." मग अडखळली, डोळे मिटून आठवलं आणि म्हणाली, "आणि आजारी पडले की काकाच बसतात उशाशी."

मी तर अजून विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. पलीकडे ताई होती, आवाज नेहमीसारखाच मायेचा. "काय गं, पटली ना खात्री?"

"पटली, ताई," मी म्हणाले आणि बाथरूमला बाहेरून कडी घातली.