मामाचा मान

पोरीपोरींच्या लग्नाविरुद्ध रविवारी आमगावात मोर्चा ठरला होता. पुढारी झामसिंगभाऊ ओसरीत भाषण घोकत होते, तेवढ्यात भाची ओमेश्वरी रविवारच्याच लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभी राहिली. एक नवरी ती, दुसरी तिची आचल.

"मामाजी, मले मांडवात तुमीच आणान ना?"

"माह्यानं नाही होत, बाई."

तिचे डोळे भरले, पण ओठ मिश्कील होते. "बरं. मंग आचलचे मामाच दोघींले आणतीन. चैतरामभाऊ."

गेल्या निवडणुकीत झामसिंगभाऊंना पाडलं ते यानंच!

"माह्या भाचीचा हात तो कायले धरीन? मी मेलो काय?" भाऊ कडाडले अन् त्यांनी कार्यकर्त्याला फोन लावला, "मोर्चाले सांगितलेले डफडेवाले मांडवाकडं धाड!"